ठेव कुणाची?

काशीत पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढून मंगला गौरीकडे वळले की गल्लीत अजून मराठी कानावर पडते. दुर्गा घाट, ब्रह्मा घाट ही जुनी दक्षिणी वस्ती. श्रावणातल्या एका मंगळवारी तिथल्या एका घरी काकूंनी फडक्यात गुंडाळलेली दुर्बीण माझ्यापुढे ठेवली.

"सत्तावनच्या धामधुमीत बिठूरहून निसटलेल्या माणसानं आमच्या खापरपणजोबांकडे ठेव म्हणून दिली. नानासाहेबांच्या छावणीतली."

नातवाला गिऱ्हाईक मिळाले होते. हीच हकिकत लिहिलेला कागद त्याला हवा होता, आणि तो इंग्रजीत करून देण्यासाठी मला बोलावले होते.

जुन्या पोथीचा काळ ठरवताना आपण आधी कागद पाहतो, मग अक्षर, शेवटी पुष्पिका. दुर्बिणीचेही तसेच. १८५७ मध्ये दोन डोळ्यांच्या दुर्बिणी होत्या. व्हिएन्नाच्या फोइग्टलेंडरने १८२३ मध्येच तशी नाटकगृहातली दुर्बीण केली होती. पण त्यांच्या नळ्या सरळ असत. काकूंच्या दुर्बिणीला खांदे होते: पुढची भिंगे डोळ्यांकडच्या भिंगांपेक्षा एकमेकांपासून दूर. म्हणजे आत लोलक. इटलीच्या पोरोने लोलकांच्या या रचनेचे पेटंट १८५४ मध्ये घेतले खरे, पण तशा जोडदुर्बिणी येना इथल्या त्साइसने बाजारात आणल्या त्या १८९४ मध्ये.

काचेवर निळसर झाक नव्हती. परावर्तन कमी करणारा तो लेप स्माकुलाने १९३५ मध्ये शोधला. पण लेप नाही म्हणून वस्तू त्याआधीची, असे धरता येत नाही. युद्धकाळात लेपाविनाही पुष्कळ दुर्बिणी बनल्या.

राहिली पुष्पिका. खांद्यावरचा मळ ओल्या फडक्याने हलकेच पुसला. वर ब्रिटिश सरकारी मालमत्तेची खूण असलेला रुंद बाण उमटला, त्याखाली 'बिनो प्रिझम नंबर २, मार्क ३', आणि साल: १९४३. एका नळीतून पाहताना अंशांच्या बारीक रेघा दिसत होत्या, तोफांचा मारा नेमका करण्यासाठी आखलेल्या. बनावट मालावर बहुधा नाव आणि साल ठसठशीत असते, पण घडण त्यांच्याशी जुळत नाही. इथे घडण, रेघा आणि साल एकच गोष्ट सांगत होते. दुर्बीण खरी होती, पेशव्यांची नव्हती.

नातू म्हणाला, "साल पुसलं तर?"

काकूंनी दुर्बीण त्याच्या हातून काढून घेतली. मला म्हणाल्या, "मग आमच्या सासूबाई खोटं बोलायच्या?"

तसे म्हणण्याचे कारण नव्हते. १८५७ नंतर बिठूरच्या आश्रितांची धूळधाण झाली, आणि काशीतल्या मराठी घरांत त्यांची आठवण राहिली. कुणी काही ठेवलेही असेल. ती वस्तू गेली, हकिकत मागे राहिली. पुढे महायुद्धानंतर घरात आलेल्या दुर्बिणीला ती चिकटली. वस्तूचे वय ८६ वर्षांनी कमी झाले, म्हणून हकिकतीचे होत नाही. मात्र दोन्ही एकाच कागदावर एकमेकांची साक्ष म्हणून लिहिता येत नाहीत.

दुर्बिणीवर जे कोरले होते, तेवढ्याचेच भाषांतर करून दिले. गिऱ्हाईक परत आले नाही. सासूबाईंची हकिकत काकूंनी वेगळ्या वहीत लिहायला घेतली आहे.