मिनिटाला किती शब्द?

शहापूर-मुरबाडकडची स्पर्धा परीक्षा देणारी मुले अभ्यासिकेत पहाटेपासून जागा धरून बसतात. त्यांच्यात एक मत अगदी पक्के रुजले आहे की वेगाने वाचणे ही डोळ्यांची कसरत आहे. मनातल्या मनात उच्चार करू नका, मागच्या ओळीवर परतू नका, एका नजरेत चार-चार शब्द उचला. वेग तिप्पट होईल आणि समज तसूभरही कमी होणार नाही. एमपीएससीच्या पूर्वपरीक्षेत दुसऱ्या पेपरला दोन तासांत ८० प्रश्न असतात, त्यांत उताऱ्यांचा मोठा भरणा, त्यामुळे हे मत कुणालाही पटते. दर रविवारी मी या मुलांबरोबर उतारे सोडवायला बसतो. या मताने त्यांचे नुकसान होताना पाहतो, म्हणून हे खंडन.

पूर्वपक्षात जे खरे आहे ते आधी मान्य करायला हवे. फार हळू वाचणाऱ्याला अर्थ लागत नाही. नवसाक्षरांच्या वाचनाचा अभ्यास केलेल्या हेलन अबाद्झी यांनी हे नेमके दाखवले आहे: ताजी स्मृती काही सेकंदांचीच असते, तेवढ्यात वाक्य संपले नाही तर त्याची सुरुवात विरून जाते. मराठीत तर क्रियापद शेवटी. अक्षर-अक्षर लावत मूल तिथवर पोचते तेव्हा कोणी काय केले ते विसरून गेलेले असते. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ या अभियानाने तिसरीच्या मुलासाठी मिनिटाला किमान ६० शब्द, तेही समजून, असे उद्दिष्ट ठेवले ते यासाठीच. वेग हवा यावर वाद नाहीच. तो येतो कुठून, हा वाद आहे.

डोळ्यांतून तो येत नाही. वाचताना डोळा लहान लहान उड्या मारतो, प्रत्येक थांब्यावर साधारण पाव सेकंद टेकतो, आणि स्पष्ट दिसते ते फक्त नजरेच्या मधोमध. अख्खी ओळ एका दृष्टिक्षेपात घेणारा डोळा माणसाला मिळालेलाच नाही. १९५९ मध्ये अमेरिकेत एव्हलिन वूड यांनी वेगवाचनाचे वर्ग काढले, तेव्हापासून हजार-हजार शब्दांचे दावे चालू आहेत. कीथ रेनर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये सगळे संशोधन तपासून निष्कर्ष काढला: वेग फार वाढवला की समज घटते, आणि मनातला उच्चार दाबला की अवघड मजकूर हातून निसटतो.

मिनिटाला शब्द मोजण्याचे माप आपल्याकडे इंग्रजीवरून आले. प्रौढ माणूस इंग्रजी माहितीपर मजकूर मिनिटाला सरासरी २३८ शब्द या वेगाने वाचतो, असे मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ मध्ये काढले. पण मराठीत ‘धरणग्रस्तांसाठीसुद्धा’ हा एकच शब्द आहे. इंग्रजीत तेवढ्याला पाच-सहा शब्द लागतील. तो आकडा इथे लावून मुलांना मंद ठरवणे अन्याय आहे.

याहून मोठा धोका वाक्याच्या शेपटात आहे. एका रविवारी मी एक वाक्य दिले: ‘धरणात जमीन गेलेल्या प्रत्येक कुटुंबाला पाणी मिळाले, असे या नोंदींवरून म्हणता येत नाही.’ तानसा आणि भातसा ही धरणे ज्या शहापूर तालुक्यात आहेत तिथल्या मुलांना हा विषय सांगावा लागत नाही. तरीही वेगवाचनाचा वर्ग करून आलेल्या एका हुशार मुलाने उत्तर दिले, सगळ्यांना पाणी मिळाले. नजर ‘मिळाले’वरून उडाली ती थेट पुढच्या ओळीवर. मराठीत नकार शेवटी बसतो, आणि झरझर वाचणारा नेमका शेवटच गाळतो.

मग वेग येतो कुठून? ओळखीतून. तिसरीतली एक ठाकर मुलगी माझ्यासमोर बंदरावरचा धडा वाचत होती. ‘जहाज’, ‘धक्का’, ‘नांगर’. नांगरापाशी तर ती थबकलीच, कारण तिच्या घरचा नांगर शेतात चालतो, पाण्यात बुडत नाही. मग मी भातशेतीवरच्या, राब भाजण्यापासून लावणीपर्यंतच्या पाच-सहा ओळी कागदावर लिहून दिल्या. ‘राब’, ‘खाचर’, ‘चिखलणी’ तिने न अडखळता वाचले, आणि मी ‘पेरणी’ पावसाआधी लिहिली होती ती चूकही दाखवली, “आमच्यात पाऊस पडल्यावर पेरतात.” डोळे तेच होते. १९८८ मध्ये रेख्ट आणि लेस्ली यांनी अमेरिकेतल्या शाळकरी मुलांवर हेच तपासले: वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुले बेसबॉलच्या उताऱ्यात, खेळ न कळणाऱ्या पक्क्या वाचकांच्या पुढे गेली.

मुरबाड तालुक्यातल्या फांगण्यात ८ मार्च २०१६ रोजी योगेंद्र बांगर गुरुजींनी आजीबाईंची शाळा सुरू केली. साठी-सत्तरीच्या, काही त्याहून थोर बाया गुलाबी लुगड्यात, पाठीला दप्तर लावून दुपारी पाटीवर अक्षरे गिरवू लागल्या. पोथी आपल्याला वाचता यावी ही त्यांची इच्छा होती. मला पोथीची ही निवड फार शहाणपणाची वाटते. जन्मभर कानांनी ऐकलेला मजकूर समोर असला की पहिली दोन अक्षरे लागताच पुढचा शब्द ओठांवर तयार असतो. लक्ष अर्थाकडे जायला मोकळे राहते.

म्हणून मी मुलांना सांगतो: एक विषय धरा, त्यावर महिनाभर वाचा, आणि तोच उतारा तीनदा वाचा. एस. जे सॅम्युएल्स यांनी १९७९ मध्ये पुनर्वाचनाची ही रीत मांडली. आपल्या पारायण करणाऱ्यांना ती नवी नाही. त्या हुशार मुलाने मागच्या महिन्यात जलसंपदेवरचे लेख असेच वाचले. परवा नवा उतारा दिला तेव्हा त्याने सगळ्यांच्या आधी पेन खाली ठेवले, आणि पानावर दोन ठिकाणी ‘नाही’भोवती गोल केलेला होता.