अध्यापक ते संपादक : के. आर. मलकानी यांचे विस्थापन आणि वृत्तपत्रस्वातंत्र्याचा प्रश्न

प्रस्तावना :

मराठवाड्यात हैदराबाद म्हटले की निजामाचे संस्थान आठवते. ते 17 सप्टेंबर 1948 रोजी भारतात आले. त्याच नावाचे सिंधमधील शहर मात्र 1947 च्या फाळणीने भारताबाहेर गेले. पंजाब व बंगालप्रमाणे सिंधची विभागणी झाली नाही. संपूर्ण प्रांत पाकिस्तानात समाविष्ट झाला. त्यामुळे सिंधी हिंदूंना स्वतःची अशी भूमी भारतात उरली नाही. या सिंधी हैदराबादचे अध्यापक केवलराम रतनमल मलकानी (1921-2003) यांच्या जीवनातील विस्थापन आणि पत्रकारिता यांचा संबंध प्रस्तुत लेखात तपासला आहे.

विस्थापन व व्यवसायांतर :

सिंध 1936 पर्यंत मुंबई इलाख्याचा भाग होता. त्यानंतरही तेथील उच्च शिक्षण मुंबई विद्यापीठाशी जोडलेले राहिले. मलकानी यांचे काही शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात व मुंबईत झाले. 1941 मध्ये ते राष्ट्रीय स्वयंसेवक संघात आले. 1945 ते 1947 या काळात त्यांनी हैदराबादच्या डी. जी. नॅशनल कॉलेजात अध्यापन केले. फाळणीने शहर व नोकरी दोन्ही सुटली. दिल्लीत 1948 मध्ये ते 'हिंदुस्थान टाइम्स'चे उपसंपादक झाले आणि त्याच वर्षी संघविचाराच्या 'ऑर्गनायझर' या इंग्रजी साप्ताहिकाचे संपादक झाले. हे पद त्यांनी 1983 पर्यंत सांभाळले.

पूर्वनियंत्रणाचा खटला :

2 मार्च 1950 रोजी दिल्लीच्या मुख्य आयुक्तांनी 'ऑर्गनायझर'वर पूर्वनियंत्रण लादले. जातीय स्वरूपाचा मजकूर आणि पाकिस्तानविषयक बातम्या व मते छपाईपूर्वी तपासणीस द्यावीत, असा तो आदेश होता. ज्या भूमीतून संपादक विस्थापित झाले, तिच्याविषयी लिहिण्यासच अशा प्रकारे शासनाची परवानगी आवश्यक ठरली. शासनाची चिंता निराधार नव्हती. पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे येत होते, वातावरण स्फोटक होते आणि 8 एप्रिल 1950 रोजी नेहरू-लियाकत करार झाला.

प्रकाशक ब्रिजभूषण व संपादक मलकानी सर्वोच्च न्यायालयात गेले. 26 मे 1950 रोजी न्यायालयाने बहुमताने आदेश रद्द केला, न्या. फाजल अली यांनी भिन्न मत नोंदविले. त्याच दिवशी मुंबईहून निघणाऱ्या डाव्या विचारांच्या 'क्रॉस रोड्स'च्या बाजूनेही निर्णय झाला. परस्परविरोधी विचारांच्या दोन साप्ताहिकांना एकाच मूलभूत हक्काचा आधार मिळाला, ही बाब लक्षणीय आहे. मूळ कलम 19(2) मध्ये 'सार्वजनिक सुव्यवस्था' हे निर्बंधाचे कारण नव्हते. 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ते समाविष्ट झाले, परंतु निर्बंध 'वाजवी' असावेत ही अटही त्याबरोबर आली.

उत्तरकाळ :

25 जून 1975 च्या रात्री आणीबाणीत प्रथम अटक झालेल्यांत मलकानी होते. तेव्हा ते 'मदरलँड' या दैनिकाचेही संपादक होते. 1984 मध्ये त्यांचे 'द सिंध स्टोरी' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. सिंधची सूफी परंपरा व सिंधी समाजाचा इतिहास त्यांनी त्यात मांडला. 1994 ते 2000 या काळात ते राज्यसभेत होते. पुदुच्चेरीचे नायब राज्यपाल असताना 27 ऑक्टोबर 2003 रोजी त्यांचे निधन झाले.

समारोप :

मलकानी यांचे लेखन एका निश्चित विचारसरणीचे होते. इतिहासाच्या अभ्यासकाने ते त्याच जाणिवेने वाचले पाहिजे. तथापि त्यांच्या नावाशी निगडित खटल्याचे महत्त्व त्या विचारसरणीपुरते मर्यादित नाही. निर्वासितांच्या इतिहासात छावण्या, घरे व नुकसानभरपाई यांचीच नोंद प्रामुख्याने होते. गमावलेल्या भूमीविषयी बोलण्याचा हक्क हाही पुनर्वसनाचाच एक भाग होता, हे या चरित्रावरून स्पष्ट होते. तो हक्क मान्य करताना समाजातील शांतता कशी राखावी, हा 1950 चा प्रश्न आजही अभ्यासकांपुढे आहे.