माणूस एका काचेवर, देखावा दुसऱ्या काचेवर

बोरिवलीहून होडीने खाडी ओलांडली की गोराई. दुपार कलू लागली की तेथील किनाऱ्यावर छायाचित्रकार आणि त्यांचे मॉडेल दिसू लागतात. कुणाला जाहिरातीसाठी चित्रे हवी असतात, कुणाला लग्नाआधीच्या अल्बमसाठी. पश्चिमेला तोंड असलेला किनारा, मागे समुद्र आणि सूर्यास्तापूर्वीचा सोनेरी उजेड, एवढ्यासाठी ही मंडळी खाडी ओलांडून येतात. माणसाला देखाव्यापाशी न्यावे आणि दोघांना एकाच चित्रात टिपावे, ही कल्पना आपल्याला इतकी साधी वाटते की तिलाही इतिहास असेल हे मनात येत नाही. मुंबईत छायाचित्रण नवे होते तेव्हा मात्र हे काम फार अवघड होते, आणि त्यामागे रसायनशास्त्र होते.

मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी हे तिचे सदस्य होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्गही निघाला. याच मंडळींतील विल्यम जॉन्सन याने विल्यम हेंडरसन याच्यासह १८५६ ते १८५८ या काळात छायाचित्रांचे एक मासिक चालविले. पुढे जॉन्सनने मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींच्या लोकांवर दोन खंडांचा ग्रंथ काढला. पहिला खंड १८६३ चा, दुसरा १८६६ चा. त्यात वल्लभ संप्रदायाचे महाराज आहेत, नागर ब्राह्मण स्त्रिया आहेत, आणि त्यांच्या मागे मुंबईची दृश्ये आहेत. पाहणाऱ्याला वाटते की ही माणसे तिथे जाऊन उभी राहिली होती. पण माणसांचे चित्र वेगळ्या काचेवर घेतलेले होते आणि देखाव्याचे वेगळ्या. छापताना दोन्ही जोडली गेली.

असे का करावे लागे? १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या कोलोडिऑनची पद्धत प्रसिद्ध केली होती. काचेवर कोलोडिऑनचा थर द्यायचा, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि थर वाळण्यापूर्वी अंधारात नेऊन प्रतिमा उमटवायची. हे सारे दहा-पंधरा मिनिटांत! कोलोडिऑनमध्ये ईथर असते, ते आपल्याकडच्या उन्हात झपाट्याने उडून जाते. म्हणजे जिथे जाल तिथे काळोखा तंबू, बाटल्या, काचा आणि पाणी बरोबर हवे. सॅम्युअल बोर्न हे सगळे घेऊन हिमालयात गेला, पण त्याच्यापाशी डझनावारी हमाल होते. शिवाय चित्रातल्या माणसाला काही सेकंद निश्चल राहावे लागे. वाऱ्याने पदर हलला की चित्र बिघडले. जोडचित्रे तेव्हा इंग्लंडमध्येही होत. ऑस्कर रेलँडरने १८५७ साली नग्न आणि सवस्त्र मॉडेल वेगवेगळे टिपून, सुमारे ३० काचा जोडून एकच भव्य चित्र तयार केले होते. मात्र ते कला म्हणून मांडले गेले. जॉन्सनची चित्रे माहिती म्हणून पाहिली गेली.

कोलोडिऑनची आणखी एक खोड आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते. त्या काचेला फक्त निळा, जांभळा आणि अतिनील प्रकाश समजे. तांबडा आणि पिवळा तिच्या लेखी अंधारच. सूर्य क्षितिजाजवळ आला की त्याचा प्रकाश हवेच्या फार मोठ्या जाडीतून येतो, वाटेत निळा भाग विखुरला जातो आणि सोनेरी उरतो. गोराईला आज ज्या उजेडासाठी लोक जातात, तो जॉन्सनच्या काचेला जवळजवळ दिसलाच नसता.

आता त्वचेचा विचार करू. तपकिरी त्वचा तांबडा प्रकाश पुष्कळ परावर्तित करते, निळा थोडा. म्हणून कोलोडिऑनच्या चित्रात आपल्याकडची माणसे डोळ्यांना दिसतात त्याहून काळी उमटत. आणि याच काळात छायाचित्र हा मानववंशशास्त्राचा पुरावा मानला जाऊ लागला होता! १८६८ ते १८७५ या काळात सरकारने हिंदुस्थानातील लोकांवर आठ खंड काढले. त्यांत ४६८ छायाचित्रे आणि प्रत्येकाच्या जोडीला त्या जमातीचे वर्णन होते. पाहणारा लंडनमध्ये बसून चित्रावरून माणसाचा रंग ताडणार. तो रंग किती माणसाचा आणि किती काचेचा, हे त्याला कोण सांगणार? जॉन्सनच्या चित्रात तर जागाही माणसाची नव्हती. तो लबाडी करत होता असे आम्ही म्हणत नाही. काच जे देई त्यातून तो चित्र जुळवीत होता. पण चित्राखाली जमातीचे नाव येई, उभ्या राहिलेल्या माणसाचे बहुधा नाही.

सुटका दोन शोधांनी केली. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्सने जिलेटिनची कोरडी काच सुचविली, आणि १८७३ मध्ये फोगेलला आढळले की थरात योग्य रंजक मिसळला तर काचेला हिरवाही दिसू लागतो. तांबडा दिसायला आणखी काही दशके गेली. कोरड्या काचेने तंबू सुटला आणि छायाचित्रकार हिंडू लागला. विसाव्या शतकाच्या आरंभी कॅलिफोर्नियाची ॲन ब्रिगमन मैत्रिणींना घेऊन सिएरा नेवाडाच्या उंच डोंगरात मुक्काम करी आणि वाऱ्याने पिळवटलेल्या झाडांजवळ त्यांची, कधी स्वतःचीही, नग्न चित्रे घेई. माणूस आणि देखावा तेथे खरोखरच एकत्र होते. तरी नंतर निगेटिव्हवर ती पेन्सिल चालवीच.

वर्गात कोलोडिऑनची नजर दाखविणे कठीण नाही. गडद निळ्या जिलेटिन कागदाची दुहेरी घडी डोळ्यांसमोर धरून बागेत पाहावे. तांबडी जास्वंद जवळजवळ काळी दिसते, निळी गोकर्ण उजळ. मग त्याच घडीतून हाताची पाठ आणि शेजारी पांढरा कागद पाहावा. शिक्षकांनी आधी स्वतःचा हात पुढे करावा, मग विद्यार्थी आपापले हात आणतील.