आपल्या गाण्याची मालकीण



जात्यावर बसून आपल्या आज्या-पणज्यांनी किती ओव्या रचल्या, त्याची मोजदाद नाही. ओवी कुणाच्या मालकीची, असंही कुणी कधी विचारलं नाही, कारण ती कुणी विकत नव्हतं. पण गाणं बाजारात आलं, तबकडीवर चढून दुकानात विकलं जाऊ लागलं, की हा प्रश्न उभा राहतोच. गळा बाईचा, मग गाणं कुणाचं? आज आम्ही तुम्हाला अमेरिकेतल्या एका गायिकेची हकिगत सांगणार आहोत. तिचं नाव बेटी कार्टर.

तिचं जन्मनाव लिली मे जोन्स. जन्म १९२९ सालचा, मिशिगन राज्यातल्या फ्लिंट इथला. वाढली ती डेट्रॉइट शहरात. घर काळ्या लोकांचं, आणि जॅझ हे संगीतही काळ्या लोकांनीच घडवलेलं. जॅझमध्ये ठरलेली चाल घ्यायची आणि तिथल्या तिथे फुलवायची. आपल्याकडे तराण्यात शब्दांना अर्थ नसतो, नुसते बोल असतात. तसं जॅझमध्येही गातात. बेटीचा त्यात हातखंडा होता.

१९४८ मध्ये ती लायोनेल हॅम्प्टन यांच्या मोठ्या वाद्यवृंदात गायला लागली. बाईने ठरलेलं गाणं ठरल्यासारखं म्हणावं, असा तेव्हाचा रिवाज. बेटी मनाने गाणं फिरवायची. हॅम्प्टननी तिला कितीदा तरी काढून टाकलं आणि परत घेतलं. त्यांनी तिला एक टोपणनावही चिकटवलं, ते तिला मुळीच आवडत नसे. १९५१ मध्ये ती तिथून बाहेर पडली. पुढे रे चार्ल्स या नामवंत गायकाबरोबर तिचा एक संच १९६१ मध्ये निघाला आणि तिचं नाव झालं.

आता रेकॉर्ड कंपनीचा व्यवहार समजून घेऊ. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना उचल म्हणजे काय, ते सांगायला नको. कंपनीही गायकाला तशीच उचल द्यायची. रेकॉर्ड विकली की आधी खर्च वसूल करायची, उरलं तर गायकाचा वाटा. मूळ ध्वनिफीत बहुतेक वेळा कंपनीच्याच ताब्यात राहायची. ती पुन्हा छापायची की कपाटात टाकायची, हेही कंपनीच ठरवायची.

साठच्या दशकात अमेरिकेत रॉक संगीताची लाट आली. जॅझ गायिकांनीही बाजाराला चालेल तसं गावं, असा कंपन्यांचा आग्रह वाढला. बेटी बधली नाही. तेव्हा तिच्या पदरात दोन मुलगे होते, आणि काम मिळणंही कठीण झालं होतं. अशा वेळी, दशक संपता संपता, तिने स्वतःचीच कंपनी काढली. नाव ठेवलं बेट-कार, म्हणजे बेटी कार्टरमधलीच अक्षरं. काय गायचं, साथीला कोण घ्यायचं, रेकॉर्ड कधी काढायची, सगळं तीच ठरवणार होती. अर्थात खर्च आणि तोटाही तिचाच. माल दुकानादुकानात पोचवायची मोठ्या कंपन्यांसारखी यंत्रणा तिच्याकडे नव्हती. गटाचं लोणचं-पापड शहरात विकायला नेलेल्या बायांना ही अडचण कळेल. घालणं एक वेळ सोपं, खपवणं अवघड.

याच कंपनीने १९८० मध्ये दोन तबकड्यांचा एक संच काढला, 'दि ऑडियन्स विथ बेटी कार्टर'. सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेट अमेरिकन म्युझिक हॉलमध्ये, १९७९ च्या डिसेंबरात, लोकांसमोर झालेल्या मैफिलींचं हे ध्वनिमुद्रण. नावात आधी श्रोते आहेत, मग ती. बेटी तेव्हा पन्नाशीची होती. साथीला तिघेच होते. पियानोवर जॉन हिक्स, उंच बेसवर कर्टिस लंडी आणि ड्रमवर केनी वॉशिंग्टन. यातला केनी जेमतेम २१ वर्षांचा.

या संचातली पहिलीच रचना पंचवीस मिनिटांची आहे आणि जवळजवळ सगळी निव्वळ बोलांची. लय मध्येच धावते, मध्येच अगदी थांबल्यासारखी होते. बेटी हाताने, अंगाने खूण करायची आणि तिघे तिच्याबरोबर वळायचे. बाजाराच्या हिशेबाने पंचवीस मिनिटांचं गाणं म्हणजे तोट्याचा सौदा. रेडिओवर ते कोण लावणार? पण परवानगी कुणाची मागायचीच नव्हती, म्हणून ते जसं झालं तसंच तबकडीवर आलं.

तिच्या साथीदारांकडेही बघायला हवं. बेटी मुद्दाम तरुण वादक घ्यायची, त्यांना कडक शिस्तीत तयार करायची आणि ते नावारूपाला आले की नव्यांना जागा द्यायची. मलग्रू मिलर, सायरस चेस्टनट, लुईस नॅश असे पुढे मोठे झालेले वादक तिच्याच हाताखालून गेले. १९९३ मध्ये तिने 'जॅझ अहेड' नावाचा उपक्रम सुरू केला. त्यात होतकरू मुलामुलींना तिच्याजवळ शिकायला मिळे.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस व्हर्व्ह या मोठ्या कंपनीने तिच्याशी करार केला आणि तिच्या बेट-कारच्या जुन्या रेकॉर्डही पुन्हा बाजारात आणल्या. त्या आणता आल्या, कारण बेटीने त्या स्वतःजवळ राखल्या होत्या. १९८८ सालच्या तिच्या नव्या संचाला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. १९९७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते तिला राष्ट्रीय कला पदक मिळालं. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९९८ मध्ये, ती गेली. त्या मैफिलीच्या संचाला तिच्या देशाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१२ च्या यादीत जतन करायच्या ध्वनिमुद्रणांत स्थान दिलं.

मैत्रिणींनो, स्वतःची कंपनी काढल्यापासून मोठ्या कंपनीने दारात येईपर्यंत जवळपास वीस वर्षं गेली. ती वर्षं ओढाताणीची होती, हे आम्ही लपवणार नाही. मालकी घेतली की लगेच बरकत येते, असं नाही. पण करार करायची वेळ आली, तेव्हा बेटीच्या हातात तिचं स्वतःचं काहीतरी होतं.

आपल्या बैठकीत पुढच्या वेळी एवढं बोलून बघा. आपण रांधतो, शिवतो, पिकवतो, गातो, त्यातलं कागदावर आपल्या नावाचं किती आहे? उत्तर कमी आलं तरी वहीत लिहून ठेवा. तिथूनच सुरुवात करता येईल.