घ्राणग्राही, नासिकाबाह्य

नाकातील घ्राणपटलाबाहेर, शरीराच्या इतर भागांतील कोशिकांमध्ये (पेशींमध्ये) आढळणाऱ्या घ्राणग्राही प्रथिनांना ही संज्ञा लावतात. वासाच्या रेणूशी संयोग पावून कोशिकेच्या अंतर्भागात संकेत पोहोचविणारे प्रथिन म्हणजे घ्राणग्राही होय. अशी प्रथिने शुक्रकोशिका, मूत्रपिंड, आतडे, स्नायू, त्वचा, केशपुटक, अष्ठीला ग्रंथी इ. ठिकाणी आढळली आहेत. तेथे ती मेंदूला वासाची जाणीव करून देत नाहीत. मूत्रपिंडाला ‘वास येतो’ असे म्हणणे लाक्षणिकच ठरेल. ज्या इंद्रियात ही प्रथिने प्रथम सापडली, त्याचे नाव त्यांना चिकटले एवढेच. या नावामुळे पुढे बराच गोंधळ झाला आणि पुराव्याच्या पुढे धावणारे दावेही झाले.

घ्राणेंद्रियाचा आनुवंशिकीच्या मार्गाने अभ्यास करण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत मुंबईचा वाटा मोठा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी व व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी १९७०–८० या दशकात फळमाशीच्या, विशिष्ट वास न ओळखणाऱ्या उत्परिवर्तित (आनुवंशिक बदल झालेल्या) जाती वेगळ्या केल्या. त्यांचा यासंबंधीचा निबंध १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. एकेका जीनातील (आनुवंशिक लक्षणे ठरविणाऱ्या घटकातील) बिघाडामुळे वासाची जाण बदलते, हे अशा कामावरून स्पष्ट झाले. प्रत्यक्ष ग्राही मात्र त्या वेळी कोणाच्याच हाती लागलेले नव्हते.

ते १९९१ मध्ये सापडले. अमेरिकेतील लिंडा बक व रिचर्ड ॲक्सेल यांनी उंदराच्या घ्राणपटलात एका फार मोठ्या जीन-कुलाचा शोध लावला. या कुलातील प्रथिने कोशिकापटलातून सात वेळा आरपार जातात. उंदरांत या कुलातील कार्यक्षम जीनांची संख्या एक हजाराहून अधिक, तर मानवात सु. ४०० आहे. या शोधाबद्दल उभयतांना २००४ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. मूळ शोधास जेमतेम वर्ष होते न होते तोच, १९९२ मध्ये ब्रूसेल्स येथील मार्क पार्मांतिए व त्यांचे सहकारी यांनी याच कुलातील काही जीन सस्तन प्राण्यांच्या जननकोशिकांत व्यक्त होतात, असे दाखविले. नासिकाबाह्य घ्राणग्राहींचा इतिहास येथून सुरू होतो. म्हणजे हा विषय मूळ शोधाइतकाच जुना आहे. त्याकडे लक्ष जाण्यास मात्र दहा-बारा वर्षे लागली.

या विलंबास कारण होते. एखाद्या ऊतकात (समान कोशिकांच्या समूहात) जीनाचा संदेश आढळला, म्हणजे तेथे प्रथिन तयार होते असे नाही आणि प्रथिन तयार झाले तरी त्याला काही काम असतेच असेही नाही. २००६ मध्ये अनेक ऊतकांची तुलना करणाऱ्या एका पाहणीत, घ्राणग्राहींच्या अशा अभिव्यक्तीचा बराचसा भाग कार्यशून्य असावा, असा निष्कर्ष काढण्यात आला. त्यामुळे ग्राहीला उत्तेजित करणारा रेणू कोणता, तो त्या ऊतकापर्यंत नैसर्गिक रीत्या पोहोचतो काय आणि जीन काढून टाकल्यास काय बिघडते, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत दावा अपुराच राहतो.

या कसोटीचे महत्त्व शुक्रकोशिकांच्या उदाहरणावरून पटते. जर्मनीतील बोखुम येथील हान्स हाट व मार्क श्पेअर यांच्या गटाने २००३ मध्ये, ‘लिली ऑफ द व्हॅली’ या फुलासारखा वास असणाऱ्या बूर्जोनाल या कृत्रिम द्रव्याकडे मानवी शुक्रकोशिका पोहत जातात, असे दाखविले व त्याचे श्रेय एका घ्राणग्राहीला दिले. बीजाचा माग काढणारी शुक्रकोशिका ही कल्पना लोकांना इतकी भावली, की ती लवकरच वृत्तपत्रांत पोहोचली. परंतु २०१२ मध्ये दुसऱ्या एका जर्मन गटाने, हे द्रव्य शुक्रकोशिकेच्या शेपटीतील कॅल्शियम-मार्ग थेट उघडते, त्यासाठी घ्राणग्राहीची गरज नाही, असे सिद्ध केले. प्रयोगातील निरीक्षण खरे होते. लावलेला अर्थ वादग्रस्त ठरला.

मूत्रपिंडासंबंधीचा पुरावा अधिक भक्कम आहे. जेनिफर प्लुझनिक व त्यांचे सहकारी यांनी २००९ मध्ये घ्राणसंकेताची यंत्रणा मूत्रपिंडात आढळल्याचे प्रसिद्ध केले. पुढे २०१३ मध्ये त्यांनी ओएलएफआर७८ या ग्राहीचा उलगडा केला. आतड्यातील सूक्ष्मजंतू तंतुमय अन्न आंबवितात, तेव्हा ॲसिटिक व प्रोपिऑनिक अम्लांसारखी लघुशृंखल मेदाम्ले तयार होऊन रक्तात मिसळतात. या ग्राहीला ती कळतात व त्यानुसार रेनिन या रक्तदाबनियामक द्रव्याचा स्राव बदलतो. हा ग्राही नसलेल्या उंदरांत रेनिन व रक्तदाब दोन्ही कमी आढळले. येथे वरील तिन्ही प्रश्नांना उत्तरे मिळतात. याच ग्राहीमुळे मानेतील कॅरोटिड पिंडाला रक्तातील ऑक्सिजनची घट कळते, असे २०१५ मध्ये प्रतिपादन करण्यात आले. पण २०१८ मध्ये दुसऱ्या प्रयोगशाळेस, ग्राही नसतानाही पिंडाची ही क्षमता टिकून असल्याचे आढळले. आतड्यातील सेरोटोनिन स्रवणाऱ्या कोशिकांवर लवंगेतील युजेनॉल व ओव्यातील थायमॉल यांची क्रिया होते, असे २००७ मध्ये दिसून आले होते. मसाल्यांच्या पाचक गुणांशी तिचा संबंध जोडण्याचा मोह होतो. तथापि कोशिकासंवर्धनातील प्रयोगावरून पोटाविषयी विधान करणे घाईचे होय.

सामान्य वाचकापर्यंत सर्वांत अधिक पोहोचलेले संशोधन त्वचेविषयीचे आहे. हाट यांच्या गटाने २०१४ मध्ये त्वचेच्या केराटिन-निर्मात्या कोशिकांत ओआर२एटी४ हा ग्राही शोधला. चंदनासारखा वास असलेल्या सँडॅलोर या कृत्रिम द्रव्याने तो उत्तेजित होतो व संवर्धनातील कोशिकांचे विभाजन सु. ३२ टक्क्यांनी, तर स्थलांतर जवळजवळ ५० टक्क्यांनी वाढते, असे आढळले. २०१८ मध्ये मँचेस्टर येथील राल्फ पाउस व त्यांचे सहकारी यांनी, शरीराबाहेर जगविलेल्या मानवी केशपुटकांची वाढीची अवस्था याच द्रव्याने लांबते, असे दाखविले. यावरून सहाणेवर उगाळलेल्या गंधाला लगेच शास्त्राचा आधार मिळाला, असे समजणे चूक ठरेल. खऱ्या चंदनतेलातील प्रमुख घटक सँटॅलॉले असून त्यांची संरचना सँडॅलोरहून वेगळी आहे. नाकाला सारखे वाटणारे दोन रेणू त्वचेतील ग्राहीच्या दृष्टीने सारखे असतीलच असे नाही.

सँडॅलोर चंदनवृक्षापासून नव्हे, तर टर्पेंटाइनपासून सुरू होणाऱ्या रसायनमालिकेतून मिळते. पाइनच्या लाकडापासून कागदाचा लगदा करताना टर्पेंटाइन उपउत्पादन म्हणून हाती येते; त्यातील अल्फा-पायनिनपासून कॅम्फोलेनिक आल्डिहाइड व त्यापासून चंदनगंधी अल्कोहॉले बनवितात. टर्पेंटाइनवर आधारित या सुगंधी रसायनांच्या उद्योगाचे महाराष्ट्रातील एक महत्त्वाचे केंद्र म्हणजे रायगड जिल्ह्यातील महाडची औद्योगिक वसाहत. महाबळेश्वरी उगम पावून पोलादपूरवरून येणाऱ्या सावित्री नदीच्या खोऱ्यात ती वसली आहे. प्रिव्ही स्पेशॅलिटी केमिकल्स या कंपनीच्या येथील कारखान्यांत टर्पेंटाइनचे घटक वेगळे करून त्यांपासून साबण, प्रक्षालके व अत्तरे यांना लागणारी सुगंधी द्रव्ये तयार होतात. ज्या परिसरात अशी द्रव्ये टनांनी हाताळली जातात, तेथे नासिकाबाह्य ग्राहींचा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही. नाक काही मिनिटांतच एखाद्या वासाला सरावते व तो जाणवेनासा होतो. त्वचेशी होणारा रेणूंचा संपर्क मात्र चालूच असतो. वास येईनासा झाला म्हणजे द्रव्याची क्रिया थांबली, हा कारखान्यातील कामगारांत व घराघरांतही आढळणारा समज म्हणूनच टिकण्यासारखा नाही. सुवासाचे द्रव्य निरुपद्रवीच असणार, हेही तसेच.

ग्राही उत्तेजित झाल्याने हितच होते, असेही नाही. अष्ठीला ग्रंथीच्या कर्ककोशिकांत (कर्करोगाच्या पेशींत) विपुल असणाऱ्या ओआर५१ई२ या ग्राहीवर, व्हायोलेट फुलांचा वास असणाऱ्या बीटा-आयोनोनाची क्रिया झाल्यास कोशिकांची वाढ मंदावते, असे २००९ मध्ये आढळले; परंतु त्याच द्रव्याने कर्ककोशिकांचा फैलाव वाढतो, असे २०१४ मधील प्रयोगांत दिसले. सुगंधोपचारांच्या जाहिरातींत यांपैकी पहिलाच निष्कर्ष उद्‌धृत होतो, हे सांगावयास नको.

ओआर५१ई२ हे वर उल्लेखिलेल्या उंदरातील ओएलएफआर७८ चे मानवी प्रतिरूप होय. २०२३ मध्ये अमेरिकेतील आशिष मंगलिक, हिरोआकी मात्सुनामी व त्यांचे सहकारी यांनी, प्रोपिऑनेट बद्ध असलेल्या अवस्थेत या ग्राहीची त्रिमितीय संरचना अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने निश्चित केली. मानवी घ्राणग्राहीची संरचना कळण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. बहुतेक घ्राणग्राही प्रयोगशाळेतील कोशिकांमध्ये पुरेशा प्रमाणात तयार होत नाहीत. हा मात्र नाकाबाहेरच्या कोशिकांतही सहज तयार होणारा असल्याने अभ्यासासाठी निवडला गेला.