विद्युत ओव्हन, अंतर्भूत (घरगुती)

विद्युत ओव्हन, अंतर्भूत : स्वयंपाकघरातील ओट्याखालच्या अथवा उभ्या कपाटाच्या खणात कायमचा बसविलेला, विजेच्या तापतंतूंनी आतली हवा व भिंती तापवून पदार्थ चोहोबाजूंनी भाजणारा बंदिस्त उष्णकोष. रुंदी व उंची प्रत्येकी सुमारे ६० सेंमी., वजन ३० ते ४० किग्रॅ. आणि विद्युत भार २ ते ३.५ किलोवॉट हे त्याचे सर्वसाधारण मान होय. प्रस्तुत नोंदीत मुंबईच्या गिरगाव, दादर, परळ व लालबाग येथील घरांच्या अनुषंगाने त्याचा विचार केला आहे. कारण हे यंत्र कोणत्याही देशात जवळजवळ सारखेच असले, तरी ज्या भिंतीत ते बसते ती भिंत आणि ज्या तारेवर ते चालते ती तार शहरागणिक, किंबहुना इमारतीगणिक बदलते, आणि या भागात जोखीम असते ती प्रायः यंत्राच्या पाठीमागे.

रचना : अंतर्भाग एनॅमलचा मुलामा दिलेल्या पोलादी पत्र्याचा असतो. तळपत्र्याखाली एक, छताशी एक आणि मागील पंख्याभोवती एक अशी तापतंतूंची मांडणी असून निकेल-क्रोमियमच्या तारेचे वेटोळे पोलादी नळीत घालून भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासलेली असते. या भुकटीचा मुंबईच्या पावसाळ्याशी काय संबंध आहे, ते पुढे येईल. उष्णतानियामक यंत्रणा ठरलेले तपमान गाठताच वीज तोडते व ते उतरताच पुन्हा जोडते. याशिवाय बाह्य कवच थंड राखणारा एक स्वतंत्र पंखा बहुतेक नमुन्यांत असतो आणि तो भाजणे संपल्यावरही काही वेळ घरघरत राहतो. हा बिघाड नव्हे; भिंतीवरचा स्विच दाबून त्याचा आवाज बंद करण्याची घाई करू नये.

पूर्वपीठिका : दक्षिण व मध्य मुंबईतील मराठी घरांना भाजण्याची कला ओव्हनने शिकविली, असे म्हणणे धाडसाचे होईल. गिरगाव-ठाकुरद्वारच्या पाठारे प्रभू कुटुंबांत कोबी व कोळंबीचे भानोले पातेल्याच्या खाली व झाकणावर निखारे ठेवून भाजण्याचा प्रघात जुना आहे. पावाच्या बाबतीत इराणी, मुसलमान व गोवेकर ख्रिस्ती भट्टीवाल्यांनी शहराची सोय केली. धोबीतलावची कयानी ही १९०४ सालची. तिच्यासारख्या दुकानांनी मस्का-पावाबरोबर केकचीही चटक लावली. घरच्या नानकटाईसाठी मात्र एक निराळाच शिरस्ता होता : दिवाळीच्या आधी किंवा मे महिन्याच्या सुटीत रवा, मैदा, पिठीसाखर व तूप घेऊन आजूबाजूच्या चार बिऱ्हाडांतील बायका मिळून नाक्यावरच्या बेकरीत जात, तेथे लांब पत्र्यांवर नानकटाया थापून भट्टीत सारल्या जात, आणि भाजणावळ चुकती करून पत्र्याचे डबे भरून घरी आणले जात. पुढे झाकणाला काचेची खिडकी असलेला ॲल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन मध्यमवर्गीय घरांत आला; वाळूवर ठेवलेल्या पातेल्यातला केकही चालूच होता. लाकडी भट्ट्यांवर अलीकडे सरकारी दृष्टीही पडली असून, हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ साली दिलेल्या आदेशान्वये महानगरपालिकेने लाकूड-कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्यांना स्वच्छ इंधनाकडे वळण्याची मुदत घालून दिली.

अंतर्भूत ओव्हन मात्र या परंपरेतून आलेला नाही. तो गृहनिर्माणाच्या बदलातून आला. नायगाव व ना. म. जोशी मार्गावरील बी.डी.डी. चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीत मोरी, चूल व माणसे एकत्र नांदत असता भिंतीत ओव्हन बसविण्याची कल्पना कोणाच्या मनात येणे शक्य नव्हते. पुनर्विकासात त्याच रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरे देऊ केली गेली, गिरण्यांच्या जागी परळ-लालबागेत मनोरे उभे राहिले, आणि स्वयंपाकघर आयते बांधून देणाऱ्या कंत्राटदाराने नकाशात ओव्हनचा खण आखून टाकला. परिणामी नव्या घरात ओव्हन असतो. तो वापरण्याची सवय असतेच असे नाही.

वीजपुरवठा : खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू होऊन गिरण्यांना टाटांची वीज मिळू लागली, घरगुती पुरवठा मात्र १९०५ साली स्थापन झालेल्या आणि ७ ऑगस्ट १९४७ रोजी नगरपालिकेच्या ताब्यात आलेल्या ‘बेस्ट’कडे राहिला. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या बेट-मुंबईत आजही बहुतेक घरांत बेस्टचाच मीटर दिसतो. पुरवठा २३० व्होल्टचा असतो. ३.५ किलोवॉटचा ओव्हन त्यावर सुमारे १५ अँपिअर प्रवाह ओढतो, म्हणजे १६ अँपिअरच्या मोठ्या प्लगची मर्यादा तो जवळजवळ एकटाच गाठतो. यास्तव ओव्हनसाठी मुख्य फलकापासून थेट स्वतंत्र तार आणावी, ती ४ चौरस मिमी. तांब्याची असावी, तिला तिचा स्वतःचा एमसीबी (अतिभार होताच वीज तोडणारा स्विच) असावा, आणि त्या वाटेवर मिक्सर, फ्रीज अथवा अन्य कोणतेही उपकरण जोडू नये. तीन किलोवॉटच्या वरचा ओव्हन प्लगवर न चालविता दोन्ही तारा एकदम तोडणाऱ्या डीपी स्विचवर कायम जोडणे अधिक चांगले. एक्स्टेन्शन बोर्ड तर येथे सर्वथा वर्ज्य.

घराचा एकूण हिशेबही मांडावा लागतो. दोन किलोवॉटचा गीझर, दीड किलोवॉटचे वातानुकूलन यंत्र व अडीच किलोवॉटचा ओव्हन रविवारी सकाळी एकाच वेळी चालू राहिले, तर भार सहा किलोवॉट म्हणजे २६ अँपिअर होतो. मंजूर भार त्याहून कमी असल्यास बेस्टच्या कार्यालयात भारवृद्धीचा रीतसर अर्ज करावा व काम परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच करवून घ्यावे. जुन्या चाळींत जिन्याखाली ओळीने मीटर असतात, तेथून खोलीपर्यंत येणारी तार कित्येकदा आजोबांच्या काळची असते, आणि चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजमध्ये मूळ बारीक तारेऐवजी कोणा उत्साही गृहस्थाने जाड तांब्याची तार पिळून ठेवलेली असते. असा फ्यूज कधी ‘उडत’ नाही, याबद्दल गृहस्थ समाधानी असतो. वस्तुतः त्या घरात फ्यूजचे काम भिंतीतल्या तारेकडे सोपविलेले असते.

याहून गंभीर मामला अर्थिंगचा. तिसऱ्या छिद्राचा प्लगबिंदू भिंतीवर दिसतो म्हणून त्यामागे अर्थची तार आहे, असे गृहीत धरता येत नाही; काही ठिकाणी ते छिद्र रिकामेच असते, तर काही ठिकाणी ते न्यूट्रलला जोडून वेळ मारून नेलेली असते. दुसरा प्रकार पहिल्यापेक्षा भयंकर, कारण वाटेत न्यूट्रल तुटला की ओव्हनचे सबंध पोलादी अंग २३० व्होल्टवर येते. ओल्या पायांनी दाराच्या मुठीला हात लावता झिणझिण्या आल्या, तर ‘जरासा करंट मारतो’ म्हणून सोडून न देता त्या क्षणी मुख्य स्विच बंद करावा. ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर वीज तोडणारा आरसीसीबी मुख्य फलकात असणे ही चैन नव्हे, निकड आहे. तारांच्या रंगांचाही एक सापळा आहे : आपल्याकडील जुन्या जोडणीत लाल, पिवळी व निळी या तिन्ही जिवंत तारा, काळी न्यूट्रल व हिरवी अर्थची, ओव्हनच्या वायरीत मात्र तपकिरी जिवंत, निळी न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी अर्थची. निळ्याला निळी जोडणारा कारागीर प्रामाणिक असूनही घातक ठरू शकतो.

बसविणे : या कामात सुतार व वायरमन हे दोघेही उरलेली जबाबदारी दुसऱ्याची आहे, असे मानून निघून जातात. सुतार खणाला मागून प्लाय ठोकून तो नीटनेटका बंद करतो. वायरमन प्लगबिंदू नेमका ओव्हनच्या पाठीमागे देतो. दोन्ही गोष्टी चुकीच्या. खणाची पाठ मोकळी हवी, खालून व मागून हवा खेळण्यास उत्पादकाने सांगितलेले अंतर सुटलेले हवे, आणि प्लग अथवा स्विच शेजारच्या खणात, ओव्हन न हलविता हात पोहोचेल असा हवा. ओट्यावर गॅसची शेगडी व खाली ओव्हन अशी मांडणी या भागात विशेष आढळते. तेथे गॅसची रबरी नळी ओव्हनच्या मागून किंवा त्याला टेकून जाता कामा नये आणि सिलिंडर त्याच्या लगतच्या खणात ठेवू नये. शेवटी ओव्हनचे दार उघडून चौकटीच्या कडेचे स्क्रू कपाटाच्या फळीत पक्के बसले आहेत काय, ते घरच्या माणसाने स्वतः पाहावे. ते राहिले, तर उघड्या दारावर जड ट्रे टेकताच सबंध ओव्हन पुढे कलंडू शकतो.

वापर : नवा ओव्हन प्रथम रिकामाच, खिडक्या उघड्या ठेवून, २०० ते २५० अंश सेल्सिअसवर अर्धा-पाऊण तास तापवावा, म्हणजे कारखान्यातले तेल जळून जाते. पुढे दर वेळी दहा-पंधरा मिनिटे पूर्वतापन आवश्यक. आणि येथे घाई करणाऱ्याची फसगत होते, कारण बाहेरचा तापनदर्शक दिवा विझला याचा अर्थ हवा तापली एवढाच असून भिंतींना उष्णता मुरण्यास आणखी काही मिनिटे लागतात. दार वारंवार उघडल्याने ही साठवण वाया जाते. आतला दिवा व काच त्याचसाठी आहेत. पंखा चालू असता पाककृतीतील तपमान सुमारे २० अंशांनी उतरवावे. तबकडीवरचे आकडे हा शब्दप्रामाण्याचा विषय नव्हे. दहा-वीस अंशांचा फरक सर्रास असतो, आणि आत ठेवावयाचा साधा तपमापक तो उघडकीस आणतो.

मराठी स्वयंपाकात या यंत्राचा खरा उपयोग केकपुरता नाही. शेंगदाणे १५० ते १६० अंशांवर एका थरात पसरून पंधरा-वीस मिनिटांत, मधून एकदा हलविले असता, कढईपेक्षा एकसारखे भाजतात. चिवड्याचे पातळ पोहे दमट दिवसांत उन्हाची वाट न पाहता १०० अंशांवर आठ-दहा मिनिटे ठेवावेत. ते आक्रसत नाहीत व चुरचुरीत होतात. नानकटाई १६० अंशांवर मधल्या कप्प्यात ठेवून कडेला किंचित बदामी झाक येताच, हाताला मऊ लागत असतानाच काढावी, कारण ती घट्ट होते ती बाहेर निवताना. आतच कडक होऊ दिलेली नानकटाई दुसऱ्या दिवशी दातांची परीक्षा पाहते. भानोल्याला १८० अंश पुरतात, शेवटची पाच मिनिटे फक्त वरचा तापतंतू लावला की निखाऱ्यांच्या झाकणाचा रंग बहुतांशी साधतो. चकली व करंजी आरोग्याच्या नावाखाली ओव्हनमध्ये घालून त्यांची जी अवस्था केली जाते, तिचा विचार येथे कर्तव्य नाही.

भांडी ॲल्युमिनियमची, बिडाची, पोलादी वा उष्णतारोधक काचेची चालतात. प्लास्टिकच्या मुठीची व मेलामाइनची चालत नाहीत. फ्रीजमधले काचेचे भांडे थेट तापल्या ओव्हनमध्ये ठेवू नये. तळपत्र्यावर भांडे टेकवू नये किंवा ॲल्युमिनियमची पन्नी अंथरू नये. खालची उष्णता कोंडून मुलामा तडकतो. वीज जाऊन आल्यावर अनेक नमुन्यांत घड्याळाचे आकडे लुकलुकत राहतात व वेळ लावल्याखेरीज ओव्हन तापतच नाही. एवढ्यासाठी दुरुस्तीवाल्याला बोलावून भेटशुल्क भरणारी कुटुंबे थोडी नाहीत.

पावसाळा : मॅग्नेशियम ऑक्साइड आर्द्रता शोषून घेते. जून ते सप्टेंबर न वापरलेला ओव्हन दिवाळीच्या तोंडावर सुरू करावा आणि आरसीसीबी खटकन पडावा, हा अनुभव समुद्राकाठच्या घरांत नित्याचा आहे. अशा वेळी ‘अर्थची तार काढून टाका, चालेल,’ असा सल्ला नाक्यावर मिळतो. ओव्हन चालतो हे खरे. गळती तशीच राहते आणि तिला जमिनीकडे जाण्यास माणसाच्या देहाखेरीज वाट उरत नाही. योग्य उपाय दोन : पावसाळ्यात पंधरवड्यातून एकदा अर्धा तास ओव्हन तापवून कोरडा राखणे, आणि तरीही आरसीसीबी पडू लागल्यास जाणत्या वायरमनकडून मेगर या विद्युतरोध मोजणाऱ्या उपकरणाने तापतंतूंची तपासणी करविणे.

निगा व अपघात : ओव्हन पूर्ण निवल्यावरच पुसावा, तापल्या काचेवर थंड पाणी पडल्यास ती फुटते. काच खरवडण्यास पाते वा तारेची घासणी वापरू नये. आत स्निग्धांशाने पेट घेतल्यास दार उघडू नये, स्विच बंद करावा; हवेअभावी आग बहुधा आपोआप विझते. ती न विझल्यास घराबाहेर पडून १०१ क्रमांकावर अग्निशमन दलास कळवावे. भाजलेल्या अवयवावर हळद, टूथपेस्ट अथवा बर्फ न लावता वीस मिनिटे वाहते पाणी सोडावे.

खर्च : अडीच किलोवॉटचा ओव्हन तासभर अखंड तापला, तर अडीच युनिट वीज जाईल, उष्णतानियामक मधून मधून वीज तोडत असल्याने प्रत्यक्ष खप त्याहून बराच कमी भरतो. भाजणे संपण्यापूर्वी पाच मिनिटे बटण फिरवून साठलेल्या उष्णतेवर काम भागविल्यास आणखी काटकसर होते.

ज्या बिऱ्हाडात स्वतंत्र तार, खरे अर्थिंग व आरसीसीबी या तिन्हींची तजवीज होऊ शकत नाही, तेथे अंतर्भूत ओव्हन बसवू नये. सुमारे १२०० वॉटचा ओटीजी (सुटा लहान ओव्हन) ओट्यावर ठेवून वापरणे हाच तेथे इष्ट पर्याय होय, मात्र त्यालाही अर्थ जोडलेला प्लगबिंदू लागतोच.