आरबी प्रथिन आणि फुप्फुसाचा कर्करोग

पेशीचक्राला लगाम घालणारे, पेशीकेंद्रातील प्रथिन. घटक ॲमिनो आम्ले ९२८. त्याचे जनुक तेराव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर असते. लहान मुलांच्या डोळ्यांत होणाऱ्या रेटिनोब्लास्टोमा या अर्बुदावरून नाव पडले. जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्यावरच हे अर्बुद उद्भवते, असे आल्फ्रेड नडसन यांनी १९७१ मध्ये मांडले. १९८६ मध्ये जनुक हाती लागले.

कार्य : आरबी ‘ई२एफ’ प्रथिनांना धरून ठेवते, तोवर डीएनए दुप्पट करणारी जनुके बंद राहतात. वाढीचा संदेश येताच सायक्लिन डी व सीडीके ४/६ ही जोडी आरबीवर फॉस्फेट चढवू लागते, पकड सुटते आणि पेशी जी१ अवस्थेतून एस अवस्थेत शिरते. पी१६ हे प्रथिन या जोडीला अडवते.

स्मॉल सेल कर्करोग : फुप्फुसाच्या कर्करोगांपैकी सुमारे १५ टक्के; बहुतेक रुग्ण धूम्रपान करणारे. यात आरबी जनुक बिघडलेले असते, हे १९८८ मध्ये दिसले. २०१५ मध्ये ११० अर्बुदांचे जनुकसंच वाचले गेले, तेव्हा आरबी आणि पी५३ ही दोन्ही जनुके जवळजवळ सर्वांत निकामी आढळली. उंदराच्या फुप्फुसातून ही दोन जनुके काढली की असाच कर्करोग होतो, हे ॲमस्टरडॅममधील संशोधकांनी २००३ मध्येच दाखवले होते.

आरबीच्या प्रतिपिंडाने रंगवलेल्या काचपट्टीवर अर्बुदाची एकमेकांत दाबली गेलेली पेशीकेंद्रे नुसती निळी दिसतात. त्यांच्यामधल्या लसीका पेशींची व रक्तवाहिन्यांच्या अस्तराची केंद्रे तपकिरी, कारण त्यांत आरबी शाबूत असते. हा तपकिरी रंग आधी शोधावा. तो नसेल तर रंगच नीट चढलेला नाही. आरबी गेले, असा निष्कर्ष काढता येत नाही.

नॉन-स्मॉल सेल कर्करोग : आरबी बहुधा शाबूत, पी१६ गमावलेले किंवा सायक्लिन डी१ वाढलेले. आरबीवरून रुग्णाचे भवितव्य सांगता येते का, याबद्दल अभ्यासांचे निष्कर्ष जुळत नाहीत. ईजीएफआर जनुकात बदल असलेले काही ॲडिनोकार्सिनोमा (नॉन-स्मॉल सेलचा एक प्रकार) त्या बदलावरील औषधाला दाद देईनासे होऊन स्मॉल सेल रूप घेतात. अशा अर्बुदांत आरबी गेलेले आढळते. म्हणून रोग पुन्हा उसळल्यावर अर्बुदाचा नवा तुकडा तपासणे अगत्याचे आहे.

उपचार : सीडीके ४/६ रोखणारी औषधे आरबी असेल तरच पेशीला थांबवतात. ट्रायलासिक्लिब या अशाच एका औषधाचा उपयोग नेमका यावर बेतलेला आहे. केमोथेरपीआधी दिल्यास अस्थिमज्जेतील पेशी जी१ मध्ये थबकतात व वाचतात. आरबी नसलेल्या अर्बुदपेशी थांबत नाहीत आणि केमोथेरपीच्या माऱ्यात सापडतात. पसरलेल्या स्मॉल सेल कर्करोगासाठी अमेरिकेत मान्यता २०२१.

ऑरोरा किनेज : पेशीविभाजनातील विकर. आरबीविरहित पेशी त्यावर अधिक विसंबून असतात; ते रोखणाऱ्या औषधांचे प्रयोग चालू.